आज कोण नाय इलो?

लहान मुलांच्या वर्गात हजेरी दोन तऱ्हांनी घेता येते. पहिली सगळ्यांच्या ओळखीची आहे. किती मुले आली ते मोजायचे, वहीत लिहायचे आणि २०२१ पासून अंगणवाडीत तोच आकडा मोबाइलवरच्या ‘पोषण ट्रॅकर’मध्येही भरायचा. दुसऱ्या तऱ्हेत बाई सतरंजीवर मुलांच्या मध्ये बसतात आणि विचारतात, आज कोण नाही आलं? मुले इकडेतिकडे बघू लागतात. आकडे अजून धड येत नसतात, त्यामुळे चेहरे आठवावे लागतात. रोज आपल्या शेजारी कोण बसते? आज ती जागा रिकामी का आहे? मग कोणीतरी सांगते, “तो नाय इलो. तेका ताप इलो हा.” दुसरीला ठाऊक असते की अमकी आजोळी गेली आहे.

पहिली हजेरी आहाराच्या हिशेबासाठी हवीच, तिला कमी लेखण्याचे कारण नाही. पण वर्ग घडतो तो दुसरीतून. आलेल्यांची मोजणी एकटी बाई करू शकते, न आलेल्याची आठवण मात्र सगळ्यांनी मिळून काढावी लागते. आपण नसलो तर आपल्याबद्दल विचारले जाते, हे चार वर्षांच्या मुलाला कळले की त्याच्या लेखी त्या खोलीचा अर्थ बदलतो.

बालवाडीतल्या मुलांमध्ये ‘हा आपला वर्ग’ ही भावना कशी रुजवावी, याची चर्चा बहुधा प्रार्थना, गणवेश, भिंतीवरची सुवचने आणि ‘मिळूनमिसळून वागा’ या उपदेशाभोवती फिरते. या वयाच्या मुलांवर उपदेशाचा परिणाम फार थोडा होतो. त्यांना बांधून ठेवतात त्या रोजच्या, हाताला लागणाऱ्या गोष्टी: एकत्र केलेले काम, एकाच वस्तूसाठी लावलेला नंबर, दुसऱ्याने ऐकून घेतलेले आपले बोलणे. आणि त्याहीआधी एक प्रश्न उभा राहतो तो म्हणजे, वर्गात मुळात कोणाकोणाला जागा आहे? गावातल्या एका खोलीच्या अंगणवाडीची घडणच अशी आहे की यातल्या बऱ्याच गोष्टी तिथे सहज होऊ शकतात. म्हणून हा विचार शहरातल्या एखाद्या नामांकित शिशुवर्गापेक्षा खारेपाटणसारख्या गावात उभे राहून करणे अधिक फलदायी ठरते.

मुंबई-गोवा महामार्गाने राजापूर मागे टाकून सिंधुदुर्गात शिरले की पहिले मोठे गाव खारेपाटण. तालुका कणकवली. विजयदुर्गच्या खाडीतून गलबते जिथवर आत येत, तिथली ही जुनी बाजारपेठ. इथे सापडलेल्या ताम्रपटांपैकी शिलाहार रट्टराजाचा ताम्रपट शके ९३० मधला, म्हणजे इसवी सन १००८ चा आहे, आणि परदेशाहून येणाऱ्या गलबतामागे एक गद्याण सोने घ्यावे असा उल्लेख त्यात आहे. खाडी गाळाने भरली, गलबते थांबली, तरी गावाचा पिंड बंदराचाच राहिला. मंदिरे, मशिदी आणि जैनांचे देऊळ इथे एकाच गावात नांदतात. भुईबावडा घाटातून घाटावरची माणसे उतरतात. उत्तरेला राजापूरकडच्या बोलीची लय, दक्षिणेला मालवणी, मुस्लिम घरांतली कोकणी आणि शाळेत पुस्तकातली मराठी. पावसाळ्यात शुक नदी फुगते आणि बाजारपेठेत पाणी शिरते. त्या पाण्याला दुकान कोणाचे, घर कोणाचे, याचे सोयरसुतक नसते. या गावातले तीन वर्षांचे मूल पहिल्यांदा उंबऱ्याबाहेर बसते ते आपल्याहून वेगळ्या घरांतल्या मुलांशेजारी. निदान तसे बसण्याची सोय तिथे आहे.

ही सोय आपोआप झालेली नाही. मराठी वर्गातल्या बसण्याच्या जागेचा इतिहास वेदनेचा आहे. भीमराव आंबेडकर साताऱ्याच्या शाळेत होते तेव्हा त्यांना वर्गाच्या कोपऱ्यात, घरून आणलेल्या गोणपाटाच्या तुकड्यावर वेगळे बसावे लागे. ते गोणपाट संध्याकाळी घरी न्यायचे आणि सकाळी पुन्हा आणायचे, कारण शाळा झाडणारा नोकर त्याला हात लावत नसे. त्या शाळेत प्रार्थना, धडे, हजेरी हे सगळे काही होते. वर्ग मात्र नव्हता. ज्या खोलीत एका मुलाचे आसनही शिवले जात नाही, तिथे आपलेपणाची भाषा करण्याला काहीच अर्थ उरत नाही.

म्हणून ताराबाई मोडकांनी केले ते काम बालशिक्षणाच्या कोणत्याही तंत्राहून मोठे आहे. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासोबत त्यांनी मॉन्टेसरी पद्धत आत्मसात केली, १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाच्या स्थापनेत भाग घेतला आणि १९३६ मध्ये दादरला शिशुविहार सुरू केला. तिथेच थांबून शहरी मध्यमवर्गाच्या मुलांसाठी सुंदर शाळा चालवत राहिल्या असत्या, तरी त्यांचे नाव राहिले असते. पण १९४५ मध्ये त्या ठाणे जिल्ह्यातल्या, म्हणजे आजच्या पालघरमधल्या, बोर्डीला गेल्या. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला आल्या. तिथे लक्षात आले की बालवाडी उघडली म्हणजे सगळी मुले येतात असे नाही. दलित आणि आदिवासी वस्तीतली मुले येईनात. कोणाच्या अंगावर कपडा नव्हता, कोणाला धाकटे भावंड सांभाळायचे होते, आणि कोणाच्या घरच्यांना ती जागा आपली वाटतच नव्हती. मुले येत नसतील तर बालवाडीनेच त्यांच्या दारात जावे, असे ताराबाईंनी ठरवले. वस्तीतले अंगण झाडून-सारवून तिथेच वर्ग भरू लागला आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द जन्माला आला. पुढे १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. गुरे राखायला जाणाऱ्या मुलांसाठी तिथे कुरणशाळा निघाल्या. महागडी मॉन्टेसरी साधने गावाला परवडणारी नव्हती, म्हणून बिया, शिंपले, खडे, पाने ही साधने झाली.

या क्रमाकडे नीट पाहायला हवे. आधी न आलेल्या मुलाची आठवण, मग त्याच्या अंगणापर्यंतची वाट, आणि गाणी-गोष्टी-ठोकळे त्यानंतर. ‘आज कोण आलं नाही’ हा प्रश्न ताराबाईंनी एका वर्गापुरता न विचारता अख्ख्या गावाला विचारला.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने ३३ प्रकल्पांपासून एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली आणि तिच्या केंद्रांना ‘अंगणवाडी’ हेच नाव मिळाले. कोकणात घरे वाड्यांनी विखुरलेली. डोंगर, ओहोळ आणि शेतमळा ओलांडून तीन वर्षांच्या मुलाला रोज दूर पाठवणे शक्य नसते, त्यामुळे वाडीजवळची अंगणवाडी ही इथे चैन नसून गरज आहे.

त्या एका खोलीत तीन, चार आणि पाच वर्षांची मुले एकत्र असतात. पुष्कळ पालकांना हे उणे वाटते. इंग्रजी माध्यमाच्या शाळेत नर्सरी वेगळी, ज्युनिअर वेगळा, सीनिअर वेगळा. इथे सगळा एकच घोळका. पण १९०७ मध्ये रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत मारिया मॉन्टेसरींनी पहिले बालगृह उघडले, तेव्हापासून तीन ते सहा वयाची मुले एकत्र ठेवणे हा त्यांच्या पद्धतीचा पाया राहिला आहे. मोठे मूल धाकट्याला चपलेचा पट्टा लावून देते आणि धाकटे मोठ्याकडे बघून बोलायला शिकते. एकाच वयाच्या पंचवीस मुलांमध्ये तुलना फार चटकन सुरू होते: कोणाला अक्षर आले, कोणाला नाही. मिश्र वयाच्या वर्गात कोणाला तरी कमी येणारच हे सगळ्यांनी धरलेले असते. गेल्या वर्षी जून महिन्यात आईचा पदर सोडत नव्हते ते मूल यंदा रडणाऱ्या नव्या मुलाचा हात धरून त्याला खेळण्यांपाशी नेते. वर्षभरात आपण किती मोठे झालो, हे त्याला यापेक्षा चांगले दुसरे कोण सांगणार?

मॉन्टेसरींचा आणखी एक आग्रह होता: प्रत्येक साधन वर्गात एकच ठेवायचे. दुसऱ्याच्या हातात ते असेल तर त्याचे होईपर्यंत थांबायचे. गावातल्या अंगणवाडीत साधने मुळातच कमी असतात. ती टंचाई मिरवण्यासारखी नाही, साधने मिळायलाच हवीत. पण प्रत्येक मुलाला वेगळा संच देणे म्हणजे समृद्धी, ही समजूतही तपासून घ्यावी. प्रत्येकाचा वेगळा रंगांचा डबा असला की कोणाला कोणाची गरजच पडत नाही. वाट पाहणे, मागून घेणे, परत देणे, सांडले तर सांगणे हे सगळे एका सामाईक डब्याभोवती घडते. मात्र त्यासाठी पाळी खरी असावी लागते. पाळी चुकवून दांडग्याला आधी मिळते असे एकदा मुलांनी पाहिले की पुढचे चार दिवस सगळे हिसकावूनच घेतात.

कामाच्या वाटणीचेही असेच. अंगणवाडीत तीन ते सहा वयाच्या मुलांना किती कॅलरी आणि किती ग्रॅम प्रथिने मिळावीत याचा निकष आहे, आणि त्या आकड्यांकडे सगळ्यांचे लक्ष असते. पण ताटल्या कोण मांडते? पाण्याचे पेले कोण भरते? जेवण झाल्यावर जागा कोण पुसते? मदतनीस सगळे उरकून टाकत असेल तर ती आपले काम चोख करते, पण मुलांच्या हातून एक मोठी संधी निसटते. जपानच्या शिशुशाळांत रोज काही मुलांवर वर्गाच्या कामाची पाळी असते आणि वाढण्याचे काम तीच मुले करतात. १९८९ मध्ये टोबिन, वू आणि डेव्हिडसन या अभ्यासकांनी जपान, चीन आणि अमेरिकेतल्या शिशुशाळांची तुलना करणारा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात क्योटोमधल्या एका शाळेचा वर्ग आहे. चार वर्षांची २८ मुले आणि एक शिक्षिका. हिरोकी नावाचा मुलगा सतत दंगा करतो, आणि शिक्षिका मध्ये पडण्याची घाई करत नाही. बाकीच्या मुलांना त्याला सांभाळून घेण्याची सवय व्हावी म्हणून थांबते. त्या वर्गाचे चित्रीकरण पाहणाऱ्या अमेरिकी प्रेक्षकांना तो हलगर्जीपणा वाटला. जपानी शिक्षकांच्या मते मात्र मुलांची संख्या फार कमी असेल तर घोळक्यात राहणे शिकायचे कुठे? हा विचार जसाच्या तसा उचलण्याची गरज नाही, कारण एका बाईच्या जिवावर मुले कोंबण्यालाही तो सबब म्हणून वापरता येईल. पण मुलांमधली प्रत्येक कुरबूर मोठ्यांनी मिटवली तर ती मिटवण्याची ताकद मुलांमध्ये कधी येणार, हा प्रश्न टाळता येत नाही.

झाडू आणि फडक्याच्या पाळीला या तालुक्यात वेगळाच अर्थ आहे. कणकवलीचे अप्पासाहेब पटवर्धन, ज्यांना लोक कोकणचे गांधी म्हणत, १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात होते. तिथे सफाईचे काम त्यांनी मागून घेतले. ते काम त्यांच्या जातीचे नाही म्हणून नाकारले गेले, तेव्हा त्यांनी उपोषण केले, आणि येरवड्यात असलेल्या गांधीजींनी त्यांना साथ दिली. पुढे १९४८ मध्ये त्यांनी कणकवलीजवळ गोपुरी आश्रम उभारला. कोणते काम कोणाचे, ही वाटणी माणसाच्या मनात फार लवकर पक्की होते. चार वर्षांच्या मुलाने सगळ्यांची जागा पुसली, आणि दुसऱ्या दिवशी त्याची जागा दुसऱ्याने पुसली, तर ती वाटणी पक्की व्हायच्या आत सैल होऊ शकते. केर काढणे मुलींच्या पाळीला आणि खुर्च्या उचलणे मुलांच्या, असे होत असेल तर तेही तिथेच थांबवायला हवे.

आता बोलीकडे वळू. मूल घरून ‘माका’, ‘तुका’, ‘खय’ घेऊन येते. वर्गात ते ‘माका पाणी व्हया’ म्हणाले आणि बाईंनी सगळ्यांसमोर ‘असं नाही, मला पाणी हवं म्हण’ असे सुधारले, तर चुकीचे काय झाले? बाईंचा हेतू चांगलाच असतो. पण बाकीची मुले हसतात आणि त्या हसण्यात वर्गाचे दोन भाग होतात: नीट बोलणारे आणि गावठी बोलणारे. आपल्या आवशीची भाषा हसण्याजोगी आहे, असा धडा त्या मुलाने घेतला की पुढचे सहा महिने ते गप्प बसते. १९८० मध्ये रंगमंचावर आलेल्या गंगाराम गवाणकरांच्या ‘वस्त्रहरण’ या नाटकाचे याच मालवणीत हजारो प्रयोग झाले आणि अवघ्या महाराष्ट्राने ती प्रेमाने ऐकली. बालवाडीतल्या मुलाला तेवढेच प्रेमाचे ऐकणे का मिळू नये? बाईंनी आधी पाणी द्यावे, मग स्वतःच्या बोलण्यात ‘हे घे, तुला पाणी हवं होतं ना’ म्हणावे. प्रमाण मराठी अशीही येते. घाटावरून बदलून आलेल्या बाईंनी मुलांकडून चार मालवणी शब्द मुद्दाम शिकून घेतले तर त्याहून बरे. मोठे माणूसही आपल्याकडून शिकते, हे मुलांना समजते.

बोलण्याला किंमत देण्याचा सर्वांत सुंदर प्रयोग शिकागोत झाला. तिथल्या विद्यापीठाच्या ‘लॅबोरेटरी स्कूल’ या शाळेत शिशुवर्ग शिकवणाऱ्या व्हिव्हियन पेली मुलांनी सांगितलेली गोष्ट जशीच्या तशी लिहून घेत आणि नंतर सगळा वर्ग ती करून दाखवत असे. गोष्ट एकाची असते, पण झाड, वाघ, आई व्हायला इतर मुले लागतात. पेलींच्या लक्षात आले की शिशुवर्गातच काही मुले कोण खेळेल आणि कोण नाही हे ठरवणारे मालक होऊन बसतात आणि काहींना रोज नकार मिळतो. त्यांनी नियम मांडला: कोणालाही ‘तू खेळायला यायचं नाहीस’ म्हणता येणार नाही. तो एकदम लादला नाही. मुलांशी बरेच दिवस चर्चा केली, वरच्या वर्गांत जाऊन मोठ्या मुलांना विचारले. त्यांच्या वर्गातला कडवा विरोध खेळाची सूत्रे हातात असलेल्या मुलीकडून आला, आणि तो स्वाभाविकच होता. १९९२ मध्ये त्यांनी यावर पुस्तक लिहिले. लहान मुलांना आपले मित्र निवडू द्यायला हवेत, असा आक्षेप त्यावर घेतला जातो. जिवलग मित्र निवडण्याचा हक्क मुलाला आहेच. पण वर्गातला खेळ ही कोणाची खासगी मालमत्ता नव्हे, हा पेलींचा मुद्दा पटण्याजोगा आहे.

खारेपाटणात ही पद्धत परकी वाटण्याचे कारणच नाही. इथली मुले जत्रेत आईच्या मांडीवर बसून दशावतार बघतात. दशावतारात संवाद लिहिलेले नसतात, नट ते जागच्या जागी रचतात आणि समोरच्याने टाकलेले वाक्य उचलून पुढे जातात. पूर ओसरल्यानंतरच्या दिवशी एखाद्या मुलाने ‘आमच्या घरात पाणी इला, आजयेन माका माळ्यार ठेवल्यान’ एवढेच सांगितले, तर तीन जणांनी नदी व्हावे, एकीने आजी व्हावे आणि एकाने माळा. ज्याच्या घरात पाणी शिरले नाही त्या मुलालाही मग कळते की शेजारच्याची रात्र कशी गेली.

एवढे असूनही पालक मुलांना लांबच्या इंग्रजी माध्यमाच्या शिशुवर्गात धाडतात, त्यांना दोष देणे सोपे आणि अन्यायाचे आहे. सिंधुदुर्गातून पिढ्यान्‌पिढ्या माणसे मुंबईला गेली. २००१ मध्ये जिल्ह्याची लोकसंख्या ८,६८,८२५ होती, ती २०११ मध्ये ८,४९,६५१ झाली. जिथे भविष्य गावाबाहेरच दिसते तिथे आई-बापूस पोराच्या हाती इंग्रजी द्यायला धडपडणारच. पण परिणाम असा की एका वाडीतली मोजकी मुले सकाळी वेगवेगळ्या गाड्यांतून वेगवेगळ्या दिशांना जातात. ज्याच्याकडे गाडीभाडे आहे तो निघून जातो आणि अंगणवाडीत उरते ते एकाच आर्थिक थरातले मूल. ताराबाईंनी जी फाळणी मोडण्यासाठी अंगणात सतरंजी घातली, ती फाळणी फीच्या पावतीने पुन्हा होते. इंग्रजीची दोन गाणी तीन वर्षांच्या मुलाला कुठेही येतात. शेजारच्या घरातल्या मुलाबरोबर वाढण्याची वेळ मात्र तेवढीच असते.

पालकांचा विश्वास परत मिळवायचा तर आधी सेविकेचा वेळ मुलांना परत द्यावा लागेल. वजन-उंचीच्या नोंदी, लसीकरणाचा दिवस, गरोदर मातांच्या घरी भेटी, सर्वेक्षणे, मोबाइलवर भरायची माहिती, हे सगळे एकाच बाईंकडे आहे. गोष्ट लिहून घ्यायला मुलाशेजारी दहा मिनिटे बसावे लागते. ती दहा मिनिटे येणार कुठून? २५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका आणि मदतनीस यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असा निर्णय दिला आणि त्यात त्यांच्या शाळापूर्व शिक्षणाच्या कामाची दखल घेतली. तरीही त्यांना मिळते ते मानधन, पगार नव्हे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षांचा पायाभूत टप्पा एकसंध मानला. मग त्या टप्प्याची पहिली तीन वर्षे सांभाळणारी बाई शिक्षिका का नाही, याचे उत्तर शासनाने द्यायला हवे. सकाळचे दोन तास सेविकेला मुलांखेरीज कोणतेही काम सांगू नये, एवढा ठराव ग्रामपंचायतीलाही करता येईल, आणि त्यासाठी वेगळा निधी लागत नाही.

आणखी एक गळती कोणाच्या नोंदीत येत नाही. तीन वर्षे एका सतरंजीवर घडलेला गट सहाव्या वर्षी मोडतो. पहिलीच्या वर्गात मूल नव्याने अनोळखी होते, नव्याने रडते. अंगणवाडी आणि जिल्हा परिषदेची शाळा कित्येक ठिकाणी एकाच आवारात असतात, मधे फक्त एक पडवी. पहिलीच्या बाईंनी मे महिन्याच्या सुटीआधी एक सकाळ अंगणवाडीत येऊन बसावे, कोण कोणाशेजारी बसते, कोण अजून गप्प असते आणि कोणाचा हात धरून ते बोलते, ते बघून ठेवावे. जून महिन्यात पहिल्या पावसात छत्र्या टांगून ती मुले आत येतील, तेव्हा नव्या बाईंना निदान एवढे ठाऊक असेल की त्यांच्यापैकी आज कोण नाय इलो.